फॉन्ड म्हणजे काय

फॉन्ड हा इंग्रजी शब्द आता अगदी सोज्वळ झालाय. "आय अ‍ॅम फॉन्ड ऑफ मँगोज," असं आमची पोरं निबंधात लिहितात आणि मी बरोबरची खूण करतो. आवडणं, माया असणं, जीव असणं. पण पाचेकशे वर्षांमागं विलायतेत एखाद्याला फॉन्ड म्हटलं असतं, तर त्यानं कानाखाली ओढली असती. फॉन्ड म्हणजे तेव्हा खुळा, अक्कल नसलेला. पुढं अर्थ झाला खुळ्यासारखी माया करणारा. मग हळूहळू खूळ झडलं आणि माया तेवढी उरली. अजूनही इंग्रजीत फॉन्ड होप म्हणतात, ती भाबडी आशाच असते. आपल्याकडं तरी काय निराळं आहे? लाडात आलो की आपणही येडीच म्हणतो.

शेवगावकडच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. त्यामुळं चुकून झालं, असं म्हणायची मला सोय नाही.

चौदा वर्षं झाली. माझी थोरली बहीण, आक्का, नवरा वारल्यावर तीन वर्षांची पोर घेऊन माहेरी आली होती. आमची आई अर्धांगानं खाटेला खिळलेली. आईचं हगणंमुतणं, माझा डबा, गोठ्यातली गाय, सगळं आक्काच्या गळ्यात. मी शाळेतून यायचो, बूट काढायचो आणि चहा कुठाय म्हणून ओरडायचो. चहा यायचा. माझं लग्न जमत नव्हतं आणि मला त्याची घाईही नव्हती. सगळं आयतं मिळत असताना कशाला असेल?

त्या उन्हाळ्यात गाय चारा खाईना, म्हणून आक्काच्या जनावरांच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. तिथला कंपाउंडर चाळिशीचा होता, त्याची बायको वारलेली. बोलताना खाली मान घालायचा. एका दुपारी आक्का औषध घेऊन आली आणि पुडीतली चिठ्ठी तिनं माझ्यापुढं धरली.

"मास्तर, बघ रं हे. मला वाटलं, गाईला किती येळा पाजायचं ते लिहिलंय. पन तसलं न्हाई वाटत."

आय अ‍ॅम फॉन्ड ऑफ यू अँड युवर डॉटर. प्लीज थिंक.

मराठीत लिहायची त्याची छाती झाली नसणार. विधवा बाईला 'तुम्ही मला आवडता' असं लिहायचं म्हणजे गावभर बोभाटा. लव्ह लिहावं तर पिक्चरवाला चावटपणा. म्हणून गड्यानं कुठून तरी हा मऊ शब्द शोधून काढला होता. मला त्याचं कौतुकच वाटलं, आणि त्याच दमात त्याचा भयंकर रागही आला.

आक्का दहावीला इंग्रजीतच गचकली होती, पण एवढं तिला लागत होतं. "मी, तुमी आन पोरगी, इतकं कळतंय," ती म्हणाली. "मधला येकच शबुद येत न्हाई." तिचे कान लाल झाले होते. किती तरी दिवसांनी ती मला तरणी दिसली.

आणि मला काय दिसलं सांगू? आईची भरलेली चादर दिसली, आणि ती धुणारा मी दिसलो. बास, एवढंच.

मी कपाटातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढली, मुद्दाम, सगळ्यात जाड होती ती. त्यात फॉन्डचे सगळे अर्थ दिले होते, जुनासुद्धा. वरच्या ओळी तळहाताखाली झाकल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. खुळा, मूर्ख. आक्कानं स्वतः वाचलं. छापलेल्यावर तिचा फार विश्वास.

"फॉन्ड म्हणजे मूर्ख. मूर्ख समजतो तो तुला," मी म्हणालो. "तुला आन तुझ्या पोरीला. वर म्हणतो, जरा इचार करा."

खाटेवरून आईनं विचारलं, "काय म्हनतोय मेला? फंद?" तिला फॉन्डचं फंद ऐकू आलं. "असल्या फंदात पडू नगं गं बाई."

फॉन्डचा आणि फंदाचा काडीचा संबंध नाही. वर्गात कुणी असं म्हटलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण तेव्हा म्हणालो, "बघ, आईला बी कळलं."

आक्कानं डिक्शनरी मिटून माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "लिही. मी काय मूर्ख न्हाई म्हनावं. त्येनं इंग्रजीत लिहिलंय ना, तूबी इंग्रजीतच लिही."

मी लिहिलं, आय अ‍ॅम नॉट फॉन्ड ऑफ यू. माझ्या बोटाखालच्या अर्थानं भाषांतर चोख होतं! लिहिताना मला हसू फुटलं, हेही सांगून टाकतो.

चिठ्ठी ती स्वतःच्या हातानं देऊन आली. काय म्हणाला, मी विचारलं.

"वाचलं, घडी घातली आन खिशात ठिवलं. मग बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ पाजा म्हनला."

गाय बरी झाली. महिन्या-दोन महिन्यांत कंपाउंडर बदली मागून गेला, तो पुन्हा कधी दिसला नाही. आई पुढं दहा वर्षं जगली. चादरी आक्कानंच धुतल्या.

परवा भाची ओसरीवर बारावीचा अभ्यास करत होती आणि आक्का मेथी निवडत होती. भाची म्हणाली, "मामा, फॉन्ड ऑफचं एक वाक्य सांग ना." मी पेपरात तोंड खुपसलं.

"मला इच्यार की," आक्का म्हणाली. "मूर्ख. म्या डिक्शनरीत वाचलंय."

पोरगी खो खो हसली. "काहीतरीच काय आई! फॉन्ड ऑफ म्हणजे आवडणं. जीव असणं."

आक्काचा हात थांबला. "आन नॉट लावलं तर?"

"तर मग आवडत नाही. तू मला आवडत नाहीस."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. आणि मी नालायक, तेव्हाही शिकवायला लागलो. जुना अर्थ, पाचशे वर्षं, विलायत, सगळं सांगितलं. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"आईला टाकून मी कुटं जानार हुते रं?" ती म्हणाली. "त्येला न्हाईच म्हनले असते मी. पन हात जोडून म्हनले असते. तू माझ्या हातनं त्येच्या तोंडात मारलीस."

"कुणाच्या गं आई?" पोरीनं विचारलं.

"मामाला इच्यार," आक्का म्हणाली. "त्या चिठ्ठीत तुझं बी लिहिलं हुतं."