बंबाच्या पत्र्याची चकती

दादा गेल्याचा निरोप पालीच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. लोटे गावच्या कारखान्यातून पाळी संपवून तो खोलीवर आला, आडवा झाला, आणि उठलाच नाही... दुकानदार स्वतः सांगायला आला तेव्हा सुमनवहिनी अंगणात भात वाळत घालत होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं नाही, बराच वेळ.

वसंतदादा माझा थोरला भाऊ. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, रसायनशास्त्राची, आणि हे मी ताठ मानेने सांगते, कारण माझी फी दादाच्या गॅरेजने भरली. नाक्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने त्याला परदेशातून एक निळी बाटली आणून दिली. आत नायट्रस ऑक्साइड, दातांच्या दवाखान्यातला हसवणारा वायू. तो इंजिनात सोडला की गाडी उसळायची, आणि दर वेळी हेडखालचं गॅस्केट, आतला दाब अडवणारी चकती, फुटायचं. "बाय, इंजिन हसतं नि मी रडतो," दादा म्हणायचा.

मी त्याला सांगितलं, हा वायू जास्तीचा ऑक्सिजन आणतो, त्याला पेट्रोलही जास्त लागतं, नाहीतर आतली आग नको तेवढी तापते. त्याने लगेच पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मोठं केलं, ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी केली. पण बाजारचं गॅस्केट टिकेना. मग त्याने आमच्या फुटक्या बंबाचा पत्रा कापून तांब्याची चकती केली. चुलीत लाल करायची, पाण्यात बुडवायची. तांबं मऊ झालं की दाबाखाली नीट बसतं.

आंबा घाट न थांबता चढायचा, एवढाच त्याचा हट्ट. पण तोवर गिऱ्हाईक हसायला लागलं होतं. "स्वतःची गाडी फोडणारा आमची काय दुरुस्त करणार?" दादाने वहिनीला शब्द दिला, या खेपेला फुटलं तर गॅरेज बंद, लोट्याला कंपनीत जाईन.  तिला तो घरीच हवा होता.

घाट चढायच्या आदल्या दिवशी चकती पडवीत पडलेली तिने पाहिली. काळपट तांबं. घरच्या हंड्या-कळश्यांबरोबर तिने तीही घासली, आमसूल आणि राख लावून, मायेने. सकाळी ती सोन्यासारखी चमकत होती. मित्र खोळंबले होते, दादाने घाईत बसवली, समोरासमोरचे नट आलटून पालटून कसले, आणि निघाला.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर फस्स झालं.

हेड उघडल्यावर त्याने मला चकती दाखवली. राखेतल्या खड्यांनी बारीक रेघा ओढल्या होत्या, आणि त्याच रेघांतून काजळी बाहेर आली होती. तो त्यांवरून अंगठा फिरवत राहिला. "सुमनला काय बोलू नको हां," एवढंच म्हणाला. घरी सांगितलं, "माझंच कसण्यात चुकलं." आणि शब्दाप्रमाणे लोट्याला गेला...

पुढे एका सुट्टीत त्याने नवी चकती केली, आणि त्या दिवशी गाडी घाटमाथ्यापर्यंत चढली. गॅस्केट शाबूत. पण गॅरेज तोवर दुसऱ्याला गेलं होतं. ती चकती त्याने गाडीतून काढून चुलीजवळच्या खिळ्याला अडकवली.

दादाचे दिवस झाल्यावर वहिनीने तांबं घासायला काढलं. मी मदतीला म्हणून ती चकतीही ढिगात टाकली.

"ती नको गो," वहिनी म्हणाली. "तिला राख लावायची नसते."

मी चकती ढिगातून काढून तिच्या हातात दिली.

"त्यांनी सांगितलं नाय कधी. पण ही दुसरी केली ना, ती माझ्यापासून माळ्यावर लपवून ठेवलीनी. तेव्हाच उमजलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ते बोलले नाय, मग मी कशी बोलू?"

तिने दादाच्या जुन्या बनियनचा मऊ तुकडा घेतला, चकतीवरची धूळ हलकेच टिपली, काजळीचा काळा गोल तसाच ठेवून ती पुन्हा खिळ्याला अडकवली. मग कळशी पुढे ओढली आणि आमसूल चोळू लागली.