लेथखालचं रबर

वडील पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांनी जुईनगरच्या तळमजल्यावरच्या आमच्या घरातली मागची खोली रिकामी केली आणि लोखंड कातायचं मशीन, लेथ घ्यायचा, असं जाहीर केलं. हात अजून चालतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी वर्तमानपत्रात बातमीदार; सवयीने तीन मशीनचा तक्ता केला: वेग, मोटर, किंमत. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि दुकानात केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारा डायल गेज काढला. नव्या, चकचकीत लेथच्या बेडवर तो बसवून टोक दांडा पकडणाऱ्या चकला टेकवलं आणि चक अंगठ्याने दाबला. काटा सरकला.

"काका, एवढ्या जोरात कोण दाबतंय?" दुकानदार म्हणाला.

"लोखंड. कापताना."

कोपऱ्यात रंग उडालेला एक जुना बिडाचा लेथ होता. त्याच्यावर त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. काटा जेमतेम थरथरला. तोच घेतला. उचलायला सहा माणसं लागली.

हादरे बसणार नाहीत, असा शब्द वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्याकडून आधीच घेतला होता. म्हणून मशीन आलं तेव्हा, वडील बँकेत गेलेले असताना, मी त्याच्या पायांखालच्या लोखंडी प्लेटखाली जाड रबर घालून घेतलं. वडिलांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते काढायला लावलं असतं.

पहिल्याच कटला लोखंडी दांड्यावर बारीक लाटा उमटल्या. वडिलांनी नख फिरवून बघितलं. टूलला धार लावली, वेग कमी केला, कट हलका घेतला. लाटा तशाच. पाचव्या दिवशी त्यांनी टूल तेल लावून फडक्यात गुंडाळलं.

"मशीन चांगलंय. हात गेला. विकून टाक."

मी रबराचं सांगितलं. ते वाकले, प्लेटच्या कडेला बॅटरी मारली आणि रबर बोटाने दाबून बघितलं.

"पेपरात पण असंच लपवतोस?"

"नाही."

"मग घरात कशाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पहारीने मशीन उचलून रबर काढलं आणि प्लेट बोल्टनी जमिनीत आवळली. पुढच्या कटवर नख कुठेच अडकलं नाही. त्यांनी अजून एक दांडा घेतला, मग अजून एक.

काकू खाली आल्या. "शब्द दिला होतास ना?" त्या मला म्हणाल्या.

वडिलांनी मशीन बंद केलं. "वहिनी, तुम्ही झोपता कधी?"

"दुपारी दोन ते चार."

त्यांनी ते खडूने भिंतीवर लिहिलं आणि पुढचा दांडा चकमध्ये आवळला. पावणेदोन वाजले होते.