केळफुलाचे कान

निसर्ग माणसाला सतत खुणा दाखवत असतो, पाहणारी नजर तेवढी हवी. हे वाक्य मी व्याख्यानांत बऱ्याचदा वापरले आहे. लातूरहून नांदेड आणि तिथून अर्धापूर एवढ्या एसटीच्या प्रवासात माझ्या नजरेला खिडकीवरचे पानाचे डाग दिसले.

अर्धापूरला माझा जुना विद्यार्थी दिगंबर न्यायला आला. त्याच्या केळीच्या बागेत गणपती प्रकटला होता, आणि फोनवर हे सांगताना त्याचा आवाज रडवेला होता. उशिरा व्यालेल्या एका झाडाचे केळफूल सोंडेसारखे वळले होते, त्यावरची दोन जांभळी पाने कानांसारखी उघडली होती. ते पहिल्यांदा पाहिले त्याच्या आईने, भागीरथीबाईंनी. देव आहे तोवर बागेत विळा लावायचा नाही, असे त्यांनी सांगून टाकले. बाकीचे घड मात्र तयार होते. केळी हिरवी असतानाच कापावी लागतात. झाडावर पिवळी पडली की व्यापारी हात लावत नाही. गाडी दोनदा रिकामी परत गेली होती. आज दुपारी ती शेवटची येणार होती.

बांधावर चपलांचा ढीग पडला होता. ठिबकच्या नळ्या पायांखाली फुटल्या होत्या आणि गणपतीपुढे चिखल झाला होता. अगरबत्तीचा धूर केळीच्या पानांखाली कोंडला होता. मला काही दिसेना.

"डोळे बारीक करा, सर," आरतीचे ताट धरलेली एक बाई म्हणाली.

"लातूरचे हायेत ते," मागून एक म्हातारा पुटपुटला. "त्येंला नळाला पानी दिसलं तरी लई झालं."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि तो दिसला. सोंड, कान, किंचित झुकलेले कपाळ. त्यानंतर कितीही प्रयत्न केला तरी नुसते केळफूल दिसेना. मी हात जोडले.

दिगंबरने मला बाजूला घेतले. "तुमीच सांगा की माज्या मायला. माजं ऐकून नाही राहिली. चार केळं पिवळी झाली, सर."

मी भागीरथीबाईंशेजारी बसलो. पण नुकतेच हात जोडलेल्या माणसाने युक्तिवाद तरी कोणता करायचा? मी घसा साफ केला, तेवढ्यात उजवा कान गळून चिखलात पडला.

केळफुलाचे पान असेच उघडते, वळते आणि गळते. त्या बागेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे लहानपणापासून ठाऊक होते. तरी सगळे भागीरथीबाईंकडे पाहू लागले.

भागीरथीबाई उठल्या. पान उचलून त्यांनी खोडाशी ठेवले, पदराने हात पुसले, नमस्कार केला.

"देव उठला. दिगू, माणसं बोलव. इळा (विळा) आण."

"माय, नक्की ना?"

"हाव (होय). का त्यानं चिठ्ठी लिहून जायाचं हुतं?"

दुपारी गाडी भरून गेली. मी निघालो तेव्हा भागीरथीबाईंनी तेच केळफूल कापून, कागदात गुंडाळून पुढे केले. मी एक पाऊल मागे सरलो.

"देव गेला, मास्तर. आता फूल ऱ्हायलं. हरभऱ्याची डाळ घालून भाजी करा."

परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. त्यात देव कधी आला आणि कधी गेला, हे त्या बाईंना बरोबर कळले होते. मी मात्र लातूर येईपर्यंत ते पायाशी ठेवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी केली. केळफूल निवडायला दीड तास लागतो.