आईच्या जोडीचं खातं

जबलपूर स्टेशनवर आईनं खोव्याच्या जिलबीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बँकेचं कार्ड ठेवलं ना? बाकी सगळं पुण्यात मिळते." बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. गाडी हलली तशी ती एकटी राहिली.

कार्ड आमच्या गढा भागातल्या शाखेचं. शाळेत असताना खातं उघडलं तेव्हा जोडीला आईचं नाव लागलं, ते तसंच राहिलं. पैसे गेले की मेसेज दोघांच्या फोनवर. कॉमर्सचा पदवीधर असून एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पहिल्याच महिन्यात मी फोनवर मेसच्या वरणभाताचं कौतुक केलं. आई शांतपणे म्हणाली, "अच्छा. मग त्या मोमोवाल्याला रोज पैसे काहून देऊन राहिला? दान करतो का?"

त्या दिवशी मी बँक बदलायचं ठरवलं. गंमत म्हणजे माझी नोकरीच मुळी एका बँकेच्या कचेरीत, ग्राहक आपल्याला सोडून का जातात हे शोधायची. व्याज, रांगा, ॲप, असे रंगीत तक्ते मी साहेबांना दाखवतो. 'आईला मोमो कळतात' असा रकाना त्यात नाही.

नवं खातं माझ्या एकट्याचं. फार मोकळं वाटलं. घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही चालता चालता.

दिवाळीला गेलो तेव्हा जुनं खातं बंद करायला आईला शाखेत नेलं, कारण सही तिचीही लागणार होती. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "क्यों भैया, हमसे कोई शिकायत?" मी आमच्या तक्त्यातलं बोलू लागलो. आईनं चष्मा लावला, पेन घेतलं आणि माझ्याकडे न बघता त्यांनाच म्हणाली, "दीदी, इसके मैसेज तो कब के बंद हो गए. पहले सुबह चाय का आता था. समझ जाती थी, उठ गया लड़का. फिर मैं अपनी चाय चढ़ाती थी."

मी म्हणालो, "रहने दीजिए. चालू रखिए."

"काहून?" आई म्हणाली. "पेन तर चालून राहिला."

आता पगार, भाडं, मोमो सगळं नव्या बँकेत. तेवढी अक्कल आली आहे. जुन्या खात्यातून फक्त कोपऱ्यावरच्या टपरीचा सकाळचा चहा जातो. तुम्ही मागे राहिलेले असा की माझ्यासारखे निघून आलेले, हसू नका. घर कुठलं असं कोणी विचारलं की मला हल्ली पत्त्याआधी तो चहा आठवतो.

परवा रविवारी उशिरापर्यंत लोळत पडलो होतो. फोन वाजला.

"बरा आहेस ना? ऊठ मग. इथं आधण आटून राहिलं."