तिरक्या नजरेची गौर

त्या वर्षी पेणच्या बाजारात माझा चेहरा कुणी घेईना. आत्याने फोनवर हे जरा सौम्य शब्दांत सांगितलं. "तू एकदा येऊन जा गो," ती म्हणाली, "आणि दादाला सध्या काय सांगू नको." दादा म्हणजे माझे बाबा.

आत्याच्या यजमानांचा पेणला गणपतीचा कारखाना होता. मी त्यांना काका म्हणायचे. गणपतींबरोबर ते गौरीचे मुखवटेही करत. आमच्याकडे तेरड्याची रोपं एकत्र बांधून त्यांना साडी नेसवतात आणि वर मुखवटा बसवतात. त्या वर्षी काकांनी मुखवट्याचा नवा साचा केला आणि त्याला चेहरा माझा दिला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा टीव्हीवर दिसत होते. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, अर्धा तास.

आम्ही रोह्याजवळ वरसे गावात राहायचो. बाबा धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करत, आणि घरी इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं पडलं. मी मान खाली घालून ऐकायची आणि बघायची. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं मला जमत नसे. बघायचंच झालं तर मी कडेने बघायची.

कॉलेजात असताना पेणच्या एका साडीच्या दुकानाने कॅलेंडर काढलं, त्यासाठी काकांनी माझं नाव सुचवलं. फोटो काढायला मुंबईहून आलेला माणूस सारखा म्हणायचा, "इकडे बघा, इकडे." मग कंटाळून त्याने मी बघत होते तसेच फोटो काढले. त्या फोटोंवरून मला एका साबणाची आणि एका केसांच्या तेलाची जाहिरात मिळाली. आणि तेलाच्या जाहिरातीवरून मालिका.

मालिकेत मी नणंद होते. ही नणंद भावजयीच्या चुगल्या करते, तिची पत्रं लपवते आणि एका भागात पाहुणे यायच्या आधी तिच्या खिरीत मीठ टाकते. दिग्दर्शकाने मला पहिल्याच दिवशी निवडलं. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे कडेने बघत होते. ते म्हणाले, "हीच नजर पाहिजे. काय जहर आहे." मी लाजले होते, एवढंच. पण त्यांना तसं सांगायलाही मला त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

संवाद मला आई वाचून दाखवायची, कारण हाताने घाईत लिहिलेलं मराठी मला लागत नसे. मी ते ऐकून पाठ करायची. काम मला आवडायला लागलं होतं. तिथे काय बोलायचं ते ठरलेलं असे, कुठे उभं राहायचं तेही. मी इतकी निवांत दुसरीकडे कुठेच नसायची.

बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "गौरी-गणपतीपर्यंत बघू. नंतर ठरवू." खिरीचा भाग लागल्यावर कंपनीच्या कँटीनमध्ये लोक त्यांना विचारू लागले, "चहात साखरच आहे ना हो? नाही, तुमच्याच घरचं माणूस आहे म्हणून विचारलं." बाबा हसत नसत. घरी येऊन आईला सांगत. आई मला सांगे. मी कंपनीच्या लॅबमधल्या नोकरीचा अर्ज करावा असं त्यांच्या मनात होतं, आणि गणपती जवळ येत चालले होते.

आत्याचा फोन आल्यावर मी सकाळच्या गाडीने पेणला गेले. कारखान्यात मागच्या बाजूला, रंग वाळत ठेवलेल्या गणपतींच्या आड, काकांनी मला बसवलं. पुढे फळीवर मुखवटे ओळीने मांडलेले होते. मी ते पाहिले. नाक माझं होतं, हनुवटी माझी होती. सगळ्या जणी डावीकडे कडेने बघत होत्या.

थोड्या वेळाने खाडीकाठच्या कासू गावच्या दोन बायका आल्या. सासू-सून असाव्यात.

"ही बघ गो, आई. ही ती नाय का, टीव्हीतली?"

"कोण?"

"भावजयीच्या खिरीत मीठ टाकते ती."

सासूने मुखवटा हातात घेतला, लांब धरला. "व्हय गो, तीच ही. कशी बघते बघ, जशी आपली चूल मोजतेय." आणि काकांना म्हणाली, "दादा, मीठ आमच्या खाडीला काय कमी हाय, म्हणून हिला घरात बसवू?"

"अगो, गौर हाय ती," आत्या म्हणाली.

"गौर माहेरपणाला येते, बाय. ही आली तर सून माहेरी जायाची माझी." सून तोंडाला पदर लावून हसत होती. जुन्या साच्यातला एक मुखवटा घेऊन त्या गेल्या.

मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मला काळजी वेगळी होती. ही गोष्ट बाबांच्या कानावर गेली की ठरवायचं काही उरणार नव्हतं. ज्या मुलीचा चेहरा बायका गौर म्हणूनही घरात घेत नाहीत, तिला ते पुन्हा शूटिंगला पाठवणार नव्हते.

काका बराच वेळ फळीसमोर उभे होते. मग म्हणाले, "चेहऱ्यात काय चूक नाय. डोळे चुकले माझे. तू घरी येतेस तेव्हा मान खाली, मग डोळे बघायचे कुठं? टीव्हीतले आखले. गौरीनं समोर बघायला पाहिजे, जो कोण पुढं उभा राहील त्याच्याकडं."

त्यांनी सगळ्या मुखवट्यांचे डोळे अंगाच्या रंगाने बुजवले. रंग वाळेपर्यंत ते बिनडोळ्यांचे चेहरे तसेच फळीवर होते, आणि जेवताना आत्या पाठ करून बसली. मग काकांनी मला उजेडात, आपल्या समोर स्टुलावर बसवलं.

"माझ्याकडं बघ."

मी बघितलं आणि मान खाली घातली.

"मी काय वाघ हाय?"

"वाघ नाय, मिशा तेवढ्या हायत," आत्या दारातून म्हणाली.

मी पुन्हा बघितलं. काका माझ्याकडे बघायचे, मग ब्रश टेकवायचे, मग पुन्हा बघायचे. त्यांच्या उजव्या डोळ्यात एक लाल शीर होती. इतक्या वर्षांत मला ती माहीत नव्हती. पहिल्या दोन-तीन मुखवट्यांना मला घाम फुटला. नंतर ते कामासारखं वाटू लागलं. कुठे बघायचं ते ठरलेलं होतं.

दुपार कलताना बाबा आले. पहिली पाळी संपवून घरी गेले, मी पेणला गेल्याचं आईकडून कळलं आणि तसेच एसटीत बसले. फळीवरचे अर्धे मुखवटे बघत होते, अर्धे अजून आंधळे होते. बाबांनी ते पाहिले, मला पाहिलं.

"हे काय आहे?"

आत्याला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं सांगितलं, कासूच्या सासूसकट.

"म्हणजे बायकांनी नको म्हटलं."

"नजर चुकली होती," काका म्हणाले. "ती बदलतोय ना."

"नजर तिचीच आहे. सगळ्या गावाने बघितलीय. तुम्ही इथे बदलून काय होणार?"

"तू हलू नको," काका मला म्हणाले.

पण मी वळले. मघापासून काकांकडे बघत होते, तशीच बाबांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला लोकांकडे सरळ बघता येत नाही, बाबा. म्हणून ते तसं दिसतं. त्यांना ते आवडलं आणि त्यांनी काम दिलं. मीठ टाकायला मला आवडतं असं नाही. पण काम आवडतं. मला लॅबमध्ये जायचं नाही. मला हे सोडायचं नाही."

बाबांशी मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मी नजर काढली नाही, म्हणून शेवटी त्यांनीच ती फळीकडे वळवली.

"हललीस," काका म्हणाले. "आता परत बस."

मी बसले. बाबा प्लास्टरच्या गोणीवर बसून राहिले. आत्याने दिलेला चहा त्यांनी पिऊन टाकला. मग उठून वाळलेल्यांपैकी एक मुखवटा उचलला, त्याच्यासमोर उभे राहिले, थोडे बाजूला सरकून पुन्हा समोर आले.

"हा आमच्याकडे नेतो," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "पूजनाची आणि विसर्जनाची, दोन्ही दिवसांची सुट्टी आत्ताच सांगून ठेव शूटिंगवाल्यांना. आयत्या वेळी देत नाहीत ते लोक."

आत्याला कळायला माझ्याइतका वेळ लागला नाही. ती लगेच मुखवट्याला गुंडाळायला जुनं वर्तमानपत्र शोधू लागली.

बाकीचे सगळेच मुखवटे काही गेले नाहीत. ज्यांनी आधी नको म्हटलं होतं त्या बायका परत आल्या नाहीत, दुसऱ्या आल्या, आणि थोडे राहिले ते काकांनी माळ्यावर टाकले.

पुढच्या शूटिंगला मी सुट्टी मागितली. "नणंदबाईंकडे गौर येते?" दिग्दर्शक म्हणाले, आणि मेकअपच्या खोलीतले सगळे हसले. त्यांनी एक दिवस दिला. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

"काय?" ते म्हणाले.

"दोन पाहिजेत."

त्यांनी दुसराही दिला.