माळावरची जांभळी सावली

राबाच्या धुराला गोडसर, करपट वास असतो. फाल्गुन सरत आला की भाताचं रोप टाकायची जागा भाजण्यासाठी शेतकरी पालापाचोळा, शेण आणि वाळक्या फांद्या पसरून पेटवतात, आणि मग आमच्या कळंब गावच्या खाचरांवर सकाळभर निळसर धुराचा एक थर तरंगत राहतो, त्यातून पूर्वेची भीमाशंकराची रांग आकाशाचाच जरा गडद भाग असावा इतकी पुसट दिसते. या वासात माझ्यापुरता आणखी एक वास कायमचा मिसळून गेला आहे, तैलरंगात घालायच्या टर्पेंटाइनचा. दोन्ही एकत्र आले की मला यमूआत्याच्या घरामागचा माळ आठवतो, आणि त्या आठवणीत सुख किती आणि शरम किती, हे इतक्या वर्षांनीही मला वेगळं काढता येत नाही.

यमूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली तेव्हा आजोबांनी गावाबाहेरचा, भात न पिकणारा वरकस माळ तिला दाखवला आणि इथं घर बांध म्हणून सांगितलं. बापानं लेकीला दिलेल्या शब्दाचा कागद करावा, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. तिनं कारवीच्या कुडाचं घर उभारलं, शेणानं सारवलं, दारात शेवगा लावला, शेळ्या पाळल्या. घराचं दार उगवतीला होतं आणि पाठ माळाकडं. माझं लहानपण निम्मं त्या दारातच गेलं.

एकोणीसशे साठच्या दशकात मी मुंबईला चित्रकला शिकायला गेले. आमच्या घराण्यात तोवर कुणी भिंतीला गेरूशिवाय दुसरा रंग लावला नव्हता, त्यामुळे गावात माझं कौतुक आणि थट्टा सारख्याच प्रमाणात होत असे. कलाशाळेच्या ग्रंथालयात एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. त्यात कुणा फ्रेंच चित्रकाराच्या गवताच्या गंजी होत्या. तीच गंज सकाळी गुलाबी, दुपारी पिवळी, थंडीच्या संध्याकाळी निळी, आणि तिच्या पायाशी पडलेली सावली स्वच्छ जांभळी. मी त्या पानांवरून हात फिरवत बसायचे. आमच्या खळ्यातल्या पेंढ्याच्या उडव्या मी जन्मापासून पाहत आले होते, पण त्यांच्यावर ऊन पडतं हे मला पॅरिसच्या बाजूच्या कुठल्याशा शेताने सांगावं, याची गंमतही वाटायची आणि थोडा रागही यायचा.

त्या उन्हाळ्यात घरी आले ती चित्र टेकवायचा लाकडी घोडा आणि कॅनव्हास घेऊनच. रोज सकाळी आत्याच्या घरामागं माळावर तो घोडा मांडायचा, समोर धूर, डोंगर, उतरत गेलेली खाचरं, आणि उन्हाची तिरीप बदलायच्या आत ब्रशाच्या आखूड फटकाऱ्यांनी रंग पकडायचा. आत्या घराला वळसा घालून चहा आणायची, घराच्या सावलीत बसकण मारायची आणि माझ्या चित्राची यथासांग हजेरी घ्यायची.

"सावली कदी जांभळी असते काय गं? तुज्या डोळ्यांना काय झालं? मुंबईचं पाणी बाधलं वाटतं."

"नीट बघ ना आत्या, दिसेल."

मग ती डोळे बारीक करून आपल्याच पायाशी पाहायची आणि म्हणायची, "नाय बाई. आमची गरिबाची सावली. काळीच हाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसायची.

चित्र उत्तम होत होतं. अडचण एकच होती, आत्याचं घर. मधोमधच्या जरा उजवीकडं ते आडवं यायचं, आणि गेल्या पावसात कौलाचे नळे फुटले म्हणून छपराच्या एका बाजूला तिनं पत्रा टाकला होता. ऊन वर आलं की तो पत्रा असा चमकायचा की सगळ्या नाजूक निळ्याचं आणि पिवळ्याचं मातेरं व्हायचं. आमचे सर नेहमी सांगत की निसर्ग जसा आहे तसा उतरवायला चित्रकार हवा कशाला, चित्रकाराने निवडायचं असतं. मी निवडलं. घर गाळलं, माळावर असेपर्यंत ती जागा कोरीच ठेवली, आणि मुंबईला परतल्यावर तिथं डोंगराच्या पायथ्याचं पिवळं गवत ओढून आणलं. सावली मात्र मला सोडवेना. दवानं भिजलेल्या गवतावर पडलेला तो जांभळा पट्टा हाच चित्राचा प्राण होता. तो मी ठेवला. घराशिवायची घराची सावली. कलाशाळेच्या प्रदर्शनात त्या पट्ट्यापाशी लोक थांबायचे, वाहवा करायचे, आणि ही सावली कशाची म्हणून एकानेही विचारलं नाही.

चित्र मुंबईच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यांनी घेतलं. वयस्क, मृदू बोलणारे गृहस्थ होते. इतकी मोकळी, शांत जागा खरोखर आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि पहिलं चित्र विकलं गेल्याच्या आनंदात मी त्यांना नेरळ स्टेशनपासूनची वाट अगदी वळणावळणासह समजावून दिली. पुढच्या एका रविवारी हे शेठ मोटारीनं कळंबला आले. त्यांच्या मूळ गावी शेतजमीन होती, त्यामुळे इथं जमीन घ्यायला त्यांना कायद्याची आडकाठी नव्हती. वरी आणि गवताशिवाय काही न पिकणारा माळ कुणी मागतोय, याचाच वडिलांना अचंबा वाटला. धाकट्या काकाला टेंपो घ्यायचा होता. व्यवहार ठरला. सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांनी हसत हसत सांगितलं की माळावर पोचल्यावर शेठ आत्याच्या घराकडं पाहून गोंधळले आणि म्हणाले, "अहो, चित्रात तर हे नव्हतं."

वडिलांना तो विनोद वाटला होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आत्याला कुणी उघड्यावर टाकलं नाही, हे सांगायला हवं. आमच्या घराच्या पडवीत तिची खाट पडली, शेळ्याही आल्या, दोन वेळचं ताट सन्मानानं मिळत राहिलं. तिनं भांडण केलं नाही. शब्द देणारे आजोबा उरले नव्हते, आणि सख्ख्या भावाविरुद्ध बोलायचं ते कुणापाशी? घर उतरवलं त्या दिवशी ती शेवग्याच्या शेंगा काढून घेऊन आली आणि त्यांची आमटी केली, एवढंच आई सांगत असे. चित्र काढल्यामुळे कुणाचं घर जात नाही हे मलाही कळतं. मी नसते तर दुसऱ्या कुणी शेठला वाट दाखवली असती. हे सगळं मी स्वतःला कितीदा तरी बजावलं आहे, आणि दर वेळी शेवटी तेच वाक्य माझ्यापुढं येऊन उभं राहतं. चित्रात तर हे नव्हतं.

पुढं मी कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवू लागले, भिसेगावात घर केलं आणि माझी चित्रं बदलत गेली. मित्रमंडळींना मी सांगायचे की काळच बदलला आहे, आणि ते खोटं नव्हतं. त्या जाडजूड पुस्तकाची पानं पुढं उलटली की गंजींनंतर एक चित्रकार भेटतो, त्याला क्षणोक्षणी बदलणाऱ्या उन्हाचा कंटाळा आला होता, आणि म्हणून तो एकाच डोंगराची हाडं शोधत रंगाचे ठोकळे एकावर एक रचत राहिला. त्याच्यानंतरच्यांनी झाडाला लाल आणि रस्त्याला हिरवा रंग दिला, कारण त्यांच्या मनाला तो तसा दिसला. शेवटी कुणी तरी झाड, डोंगर, रस्ता सगळंच पुसून टाकलं आणि नुसत्या रेषा आणि चौकोन ठेवले. वर्गात शिकवताना मी या प्रवासाला आधुनिकतेची वाटचाल म्हणायचे. घरी एकटी असताना मात्र ती मला एक लांबलचक वजाबाकी वाटायची, आणि कधी कधी असाही विचार यायचा की त्या गंजी ज्याच्या होत्या, त्या शेतकऱ्याचं घरही तिथंच जवळ कुठं तरी असेल, ते कुणी काढलं का?

माझीही वजाबाकी चालूच होती. विजेचे खांब गेले, माणसं गेली, झाडं गेली, भीमाशंकराची रांग एका करड्या रेषेवर आली. उरले ते आडवे पट्टे, हिरवे, मातकट, धुरकट. यात मला सुटका वाटायची. माझ्या चित्रावरून आता कुणाला जमीन शोधत येता येणार नव्हतं. पण प्रत्येक चित्रात, कितीही टाळलं तरी, उजवीकडं खाली एक जांभळा पट्टा यायचाच. एका समीक्षकाने त्याला अवकाशातला ताण म्हटलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग माळावर उभ्या राहिलेल्या शेठच्या बंगल्यात पूजा निघाली आणि साऱ्या गावाला आमंत्रण आलं. आत्या हट्टाने निघाली. चांगलं लुगडं नेसली, माझ्या दंडाला धरून पायऱ्या चढली, आणि दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं. मी तिला प्रसादाकडं वळवू पाहत होते, पण ती चित्रापुढं जाऊन थांबली. तिने डोंगर ओळखला, खाचरं ओळखली, धुराकडं बोट दाखवून हा आपलाच राब म्हणाली. मग तिची नजर खाली उतरली आणि तिथंच खिळली. चोरी सापडावी तशी माझी मान खाली गेली होती.

"घर नाय दिसत," ती हळूच म्हणाली. "पर सावली माज्या घराची हाय. मी बसायची ती." तिने बोट पुढं केलं, पण चित्राला लावलं नाही. "खरंच जांभळी व्हती गं. तूच खरी." आणि मग माझ्याकडं वळून, डोळे भरून आलेली यमूआत्या म्हणाली, "माज्यासाठी ठेवलीस व्हय?"

मी हो म्हटलं.

त्या होकाराचं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. सावली मी ठेवली ती देखणी होती म्हणून, आणि घर पुसलं ते दिसायला नको म्हणून. पण त्यानंतर आत्या भेटेल त्याला सांगायची की आमच्या चितारणीनं माझी सावली शेठच्या बंगल्यात राखून ठेवली आहे, आणि ते सांगताना तिचा चेहरा जो उजळायचा, तो माझ्याने पाहवत नसे.

आता ती खूप थकली आहे. हवापालट म्हणून मी तिला भिसेगावला आणलं आहे. परवा सकाळी नदीपलीकडच्या खाचरांतून राबाचा वास आला आणि खाटेवरून ती म्हणाली, "सावली काढलीस तसं एकदा घर पन काढ की. मी जायच्या आदी."

मी कागद घेतला. दार, शेवगा, अंगण भराभर उतरलं. मग मला वाटलं, नको, त्या सकाळी माळावरून दिसायचं तसंच काढू, जिथं पुसलं तिथंच परत ठेवू. मी नवा कागद घेतला. छप्पर काढलं, पत्रा काढला, माळाकडची भिंत काढली, आणि तिथं हात थांबला. रोज सकाळी जिच्यासमोर मी घोडा मांडून उभी राहत होते, ती भिंत मला आठवेना. न पाहण्याचा निश्चय करून मी तिच्याकडं इतकं पाहिलं होतं की त्या जागी पिवळ्या गवताशिवाय काही दिसतच नव्हतं. विचारावं तर बंगल्यात तिला दिलेला तो होकार खोटा ठरणार होता. तरी मी विचारलं.

"आत्या, मागच्या भिंतीला खिडकी होती का गं?"

तिने मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि मग कागदावरच्या कोऱ्या भिंतीकडं. तिला काय कळलं आणि किती, ते मला सांगता येणार नाही.

"व्हती की," ती म्हणाली. "तिथनंच तर बगत बसायची मी तुला. म्हनायची, पोर आपलं घर काढतेय."

मी पेन्सिल उचलली. खिडकी किती उंचीवर होती, तेही मला तिलाच विचारावं लागलं.