पाळकाची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सांगलीत एक छोटा वर्ग चालायचा. शाळा-कॉलेजांत आणि बोर्डिंगांत मुलांजवळ राहून त्यांची सुखदुःखं ऐकणारे ख्रिस्ती पाळक तिथे तयार होत. आम्ही पाच उमेदवार होतो. शिकवणारे पाळकसाहेब वाईकडच्या शास्त्री घराण्यातले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. माझे लोक पाटणकडचे, गावकुसाबाहेरचे. बाप्तिस्मा आजोबांनी घेतलेला. आम्हा दोघांचा धर्म एकच होता. त्यापलीकडे आमच्यात काहीही सारखं नव्हतं, आणि हे ते मला विसरू देत नसत.

वर्गात एकाने विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने पाळक. मी तोंड उघडलं की साहेब टेबलावर पेन्सिल आपटायचे.

"न्हाई नव्हे, नाही. या भाषेत कॉलेजात जाणार तुम्ही?"

बाकीचे हसायचे. मी रात्रंदिवस शब्द घोटले.

सरावासाठी मला कॉलेजच्या वसतिगृहात धाडलं, तर तिथे माझी भाषा ऐकायला कुणी थांबलंच नाही. मुलं स्वातंत्र्याच्या चळवळीत जेलात जात होती आणि मी मिशनचा माणूस. व्हरांड्यात मी बसायचो त्या बाकावर कुणीतरी खडूने 'इंग्रजांचा हेर' असं लिहून ठेवलं. मी ते पुसून बसत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन आठवड्यांत एकच मुलगा माझ्याशी बोलला: "घरी जा."

शेवटचा महिना साताऱ्याच्या एका बोर्डिंगात काढायचा होता. तिथेच साहेब माझी परीक्षा घ्यायला आले. त्याच सकाळी हेडमास्तरांकडे एका मुलाच्या घरून चिठ्ठी आली. मुलगा मॅट्रिकला होता, ऊसवाल्या मराठा घरातला. त्याचा थोरला भाऊ पलटणीत होता, तो लढाईत कामी आला होता. हेडमास्तरांनी चिठ्ठी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "त्याचा भाऊ गेला, हे त्याला तुम्ही सांगा. मी बसून पाहतो. हीच तुमची परीक्षा."

मी चिठ्ठी मागितली नाही. मागायला हवी होती.

मुलगा आला, उभा राहिला. साहेब कोपऱ्यात वही उघडून बसले होते. मी घोटलेली भाषा बाहेर काढली. "तुझ्या ज्येष्ठ बंधूंना रणांगणावर देवाज्ञा झाली आहे."

"म्हंजी?" तो म्हणाला.

त्याला खरंच कळलं नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं, ते लिहीत होते. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुझा दादा गेला रं."

त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. "खोटं बोलतुयास तू!" दुसरा मारला. ओठ फुटला, मी हात वर केला नाही. मग तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून ओरडायला लागला. मी त्याच्याजवळ बसलो. साहेब उठून बाहेर गेले.

दुपारी मुलाचे वडील आले. ते पेन्शनीत निघालेले हवालदार होते, ताठ चालायचे.

"पोराला कुनी सांगितलं?"

"मी."

"तुमी कोन?"

"इथला पाळक."

"चिठ्ठीत सपष्ट लिवलं हुतं, पोराला काय बोलू नगा, निस्तं घरला धाडा म्हून. त्येची आय सांगनार हुती त्येला, जवळ घिऊन. तुमी परक्यानं कशापायी तोंड उघडलं?"

त्यांनी माझं गाव विचारलं, मी सांगितलं, आणि कुणाचा तेही सांगितलं. ते एक पाऊल मागे सरले. मुलाचा हात धरून एसटी स्टँडकडे... नव्हे, तेव्हा एसटी कुठली, खाजगी मोटारीच्या अड्ड्याकडे ते निघून गेले. मुलाने वळून पाहिलं नाही. तो बोर्डिंगात परत आलाच नाही.

साहेब शेरा लिहीत बसले होते. मी दारातूनच विचारलं, "चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

"तुम्हाला प्रसंग हवा होता, तो मिळाला. भाषा मात्र शेवटपर्यंत सुधारली नाही तुमची."

"आवं, त्याच्या आईनं सांगायचं हुतं ते!"

साहेबांनी पेन्सिल आपटली. मी त्यांच्या हातातून ती घेतली, मोडली आणि तुकडे टेबलावर ठेवले. माझ्या शेऱ्यात 'ग्राम्य, रागीट, कॉलेजास अयोग्य' असं आलं. तिन्ही शब्द खरे होते.

मला पाळक म्हणून पाटणकडची एक चौथीपर्यंतची शाळा मिळाली. तिथे मी बावीस वर्षं काढली. कुणाच्या घरी वाईट घडलं की मी मुलाला काही न सांगता घेऊन निघायचो, घर येईपर्यंत पिकापाण्याच्या गप्पा मारायचो आणि दारात पोचवून मागे फिरायचो.

साहेब वारल्याचं कळलं तेव्हा अंत्यविधीला जायला बायकोने माझा कोट काढून ठेवला. मी गेलो नाही. "पाळक ना तुम्ही? माफ करा आता," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, रोज प्रार्थनेला बसलो की प्रयत्न करतो. अजून जमलेलं नाही.